झोपेत चालता? सकाळी आधी तळवे पाहा

सिनेमात झोपेत चालणारा हात पुढे करून चालतो. घरातला तसा नसतो. डोळे उघडे, नजर हरवलेली, हाक मारली तर तुटक उत्तर. हे बहुधा झोप लागल्यावर १ ते ३ तासांत, गाढ झोपेत घडते आणि सकाळी सहसा आठवत नाही. म्हणून अंधेरीत एकट्याने राहणाऱ्यांनी खुणा पाहाव्यात: मळलेले तळवे, जागा बदललेल्या वस्तू, कुठे लागले ते न आठवणारे खरचटणे. जागरण, ताप, दारू यांनी त्रास वाढतो. झोल्पिडेमसारख्या झोपेच्या गोळ्यांवर तर अमेरिकेच्या एफडीएने २०१९ मध्ये ठळक इशारा सक्तीचा केला. उठवल्याने जीव जातो, ही अफवाच. तरी न दचकवता अंथरुणाकडे वळवा. मुलुंड-बोरिवलीच्या टॉवरमध्ये खरी भीती बाल्कनीची. त्या दाराची वरची कडी रात्री लावाच.