गाण्याच्या कार्यक्रमाला सुट्टी हवी का?



पेण-रोह्याकडच्या कुठल्याही शाळेत सोमवारी मधल्या सुट्टीत जरा कान देऊन ऐका. शनिवार-रविवारी टीव्हीवर कोण गायलं, कोण बाहेर पडलं, परीक्षक कोणाला काय बोलले, याची चर्चा दुसरी-तिसरीची पोरंसुद्धा करतात. पालकसभा संपली की एखादी आई मागे थांबते आणि हळूच विचारते, "सर, आमची मुलगी बरी गाते. ऑडिशनला नेऊ का?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर आधी दुसरा प्रश्न सोडवावा लागतो. वर्षानुवर्षं चालत आलेल्या अशा कार्यक्रमांनी आता थोडं थांबावं का? आज या विषयावर दोन्ही बाजूंनी विचार करू या. शेवटी वर्गात घेता येईल असा एक उपक्रमही दिला आहे.

हा प्रवास कसा झाला?

१९९५ साली झी टीव्हीवर हिंदी 'सा रे ग म' सुरू झालं. सूत्रसंचालक होते सोनू निगम. श्रेया घोषाल याच कार्यक्रमाच्या मुलांच्या विशेष भागातून पुढे आल्या. पुढे मराठी वाहिनीवर 'सा रे ग म प' आलं, आणि २००८-०९ मध्ये त्याच्या 'लिटिल चॅम्प्स'ने महाराष्ट्राला अक्षरशः वेड लावलं. कार्तिकी गायकवाड आळंदीची, आर्या आंबेकर पुण्याची, रोहित राऊत लातूरचा, प्रथमेश लघाटे रत्नागिरी जिल्ह्यातल्या आरवलीचा आणि मुग्धा वैशंपायन आपल्या अलिबागची. पल्लवी जोशींचं सूत्रसंचालन, अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक. छान गाणं झालं की 'नि' मिळायचा, आणि आपल्याकडे पोरं खेळतानाही एकमेकांना 'नि' द्यायची! फेब्रुवारी २००९ मध्ये कार्तिकी महाविजेती ठरली.

त्यानंतर इतर वाहिन्यांवरही असे कार्यक्रम आले. 'सूर नवा ध्यास नवा' आलं, 'इंडियन आयडल मराठी' आलं. २०२२ मध्ये 'इंडियन आयडल मराठी' जिंकणारा सागर म्हात्रे आपल्याच जिल्ह्यातल्या पनवेलचा.

कार्यक्रम चालू राहावा, असं म्हणणाऱ्यांचं काय चुकतं?

खरं सांगायचं तर फारसं काही चुकत नाही. आरवलीसारख्या गावातला मुलगा एरवी राज्यभर कोणी ऐकला असता का? ओळखपाळख नसलेल्या घरातल्या मुलांना या मंचाने दार उघडून दिलं. नाट्यगीत, अभंग, भावगीत ही गाणी आजच्या मुलांच्या कानावर पडली ती बऱ्याच अंशी अशा कार्यक्रमांमुळेच. आपल्या शाळांत संगीताचा वेगळा शिक्षक क्वचितच असतो. त्यामुळे सूर आणि ताल म्हणजे काय हे पुष्कळ मुलांना टीव्हीनेच शिकवलं. हे ऋण मान्य करायलाच हवं.

मग थांबायचं कशासाठी?

आपल्याकडची विहीर डोळ्यांसमोर आणा. मे महिन्यात दिवसभर पाणी उपसलं की तळ दिसतो. झरे जिवंत असतात, पण पाणी भरायला रात्रभर थांबावं लागतं. रात्रीही पंप चालू ठेवला तर गाळच वर येतो.

गाणाऱ्या मुलांचंही तसंच आहे. एक गळा तयार व्हायला पाच-सात वर्षांचा रियाज लागतो. कार्यक्रमाचं नवं पर्व मात्र दरवर्षी हवं असतं. इतकी तयार मुलं दरवर्षी आणायची कुठून? मग गाणं कमी पडलं की ती जागा दुसऱ्या गोष्टींनी भरली जाते. घरची गरिबी, आजारी वडील, आईचे अश्रू, मागे करुण संगीत. परीक्षक उठून उभे राहतात, मूल रडतं, आपणही रडतो. पण त्या मुलाचा सूर कुठे लागला आणि कुठे निसटला, हे कोणी सांगतच नाही. शिकवणारा कार्यक्रम हळूहळू नुसता रडवणारा होतो.

दुसरं कारण शरीराचं आहे. मुलग्यांचा आवाज साधारण बारा-चौदा वर्षांच्या सुमारास फुटतो. स्वरयंत्र वाढत असतं, काल लागणारी वरची पट्टी आज लागत नाही. या काळात गळ्याला ताण न देता सांभाळून गायचं असतं. स्पर्धेचं वेळापत्रक ही वाट बघत नाही.

तिसरं कारण मनाचं. 'तू बाहेर' हे वाक्य मोठ्या माणसालाही झोंबतं. दहा वर्षांच्या मुलाला ते लाखो लोकांसमोर ऐकावं लागतं, आणि पुढच्या आठवड्यात त्याच्याच शाळेत, त्याच बाकावर येऊन बसायचं असतं.

वाहिनी स्वतःहून का थांबत नाही?

हेही समजून घेऊ. निवडक घरांतल्या टीव्हींना मीटर जोडून कोणता कार्यक्रम किती पाहिला जातो हे मोजतात. त्यालाच आपण टीआरपी म्हणतो. आकडा चांगला तर जाहिरातीचा दर चांगला. चालणारा कार्यक्रम बंद करून ती वेळ नव्या प्रयोगाला देणं म्हणजे धोका. म्हणून बहुतेक वेळा थांबण्याचा निर्णय आकडा घसरल्यावरच होतो. म्हणजे विहिरीचा तळ दिसल्यावर.

थांबल्याने कार्यक्रम संपतोच असं मात्र नाही. 'अमेरिकन आयडल' २००२ मध्ये सुरू झालं, १५ पर्वांनंतर २०१६ मध्ये थांबलं आणि २०१८ मध्ये दुसऱ्या वाहिनीवर परत आलं. उलट ब्रिटनचं 'द एक्स फॅक्टर' २००४ पासून २०१८ पर्यंत सलग चाललं, मग थांबलं ते थांबलंच. आपल्याकडे 'चला हवा येऊ द्या' हा विनोदी कार्यक्रम २०१४ ला सुरू झाला, २०२४ मध्ये थांबला आणि २०२५ मध्ये पुन्हा आला. लोक विसरले नव्हते.

सगळ्यात बोलकं उदाहरण पुन्हा आपल्या पंचरत्नांचंच. २०२१ मध्ये 'लिटिल चॅम्प्स'चं नवं पर्व आलं, तेव्हा कार्तिकी, आर्या, मुग्धा, प्रथमेश आणि रोहित हे पाचही जण परीक्षकांच्या खुर्चीत होते. स्पर्धक ते परीक्षक यात बारा वर्षं गेली. त्या बारा वर्षांत शाळा झाली, कॉलेज झालं, आणि गाणं शिकणं सुरूच होतं. टीव्हीवर न दिसणारी ती वर्षंच खरी घडणीची होती.

आपल्या मातीत हे आधीपासून आहे

आपल्याकडच्या आगरी लग्नात धवलारीण धवले गाते. ते लग्नातच. बाल्या नाच गौरी-गणपतीत, पालखीची गाणी शिमग्यात. प्रत्येक कलेला तिचा हंगाम आहे आणि हंगाम सरला की विसावा आहे. भजनात लहान पोर आधी नुसते टाळ धरून मागे बसतं. दोन-चार वर्षांनी एखादी ओळ त्याच्या वाट्याला येते. त्याला कोणी 'बाहेर' काढत नाही. चुकलं तर शेजारचे काका कोपराने ढोसतात, एवढंच! अशा तऱ्हेने शिकलेलं गाणं जन्मभर पुरतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. मोठ्यांचे कार्यक्रम वाहिन्यांनी हवे तसे चालवावेत. पण मुलांच्या दोन पर्वांमध्ये निदान एक पूर्ण शैक्षणिक वर्ष मोकळं असावं. ते आकडा घसरला म्हणून नव्हे, तर आधीपासून ठरवून.

पालकांनो, हे नियम माहीत आहेत का?

बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०१७ मध्ये नियम आले. चौदा वर्षांखालच्या मुलांना टीव्ही कार्यक्रमात कलाकार म्हणून घेता येतं, पण त्याला अटी आहेत. मुख्य अटी अशा:

१) मुलाची स्वतःची इच्छा आणि संमती हवी.
२) दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही.
३) सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही.
४) शाळेचा अभ्यास तुटू नये याची सोय निर्मात्याने करायची.
५) जिथे काम होणार तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने घ्यायची.
६) जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती नेमायची.
७) मुलाच्या कमाईतली किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवायची.

ऑडिशनला जाण्याआधी ही यादी कागदावर उतरवून न्या आणि निःसंकोच विचारा. विचारणं हा आपला हक्क आहे. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० शाळेचे दिवस धरलेले आहेत, हेही लक्षात असू द्या. रोह्याहून मुंबईला जाऊन यायचं म्हणजे पूर्ण दिवस गेलाच. असे किती दिवस जाणार, याचा हिशोब घरी बसून आधी करा.

आणि एक कसोटी. मूल स्पर्धा नसतानाही गातं का? अंघोळ करताना, शेतावर जाताना, आजीजवळ बसून? गात असेल तर त्याला आधी चांगला गुरू द्या, मंच नंतर. फक्त टीव्हीवर दिसायचं म्हणून गात असेल, तर थोडं थांबा.

वर्गातला उपक्रम (इयत्ता चौथी-पाचवी, दोन तासिका)

विषय: 'मुलांच्या गाण्याच्या कार्यक्रमाने एक वर्ष सुट्टी घ्यावी का?'

वर्गाचे तीन गट करा: वाहिनीवाले, प्रेक्षक आणि स्पर्धक मुलं. प्रत्येक गटाने आपल्या भूमिकेतून तीन वाक्यं लिहायची. प्रत्येक वाक्यात 'कारण' हा शब्द आलाच पाहिजे. नुसतं 'मला आवडतं' चालणार नाही. दुसऱ्या तासिकेला गट बदला. कालचा वाहिनीवाला आज स्पर्धक होईल. मत मांडणं आणि दुसऱ्याच्या जागी उभं राहून बघणं, दोन्ही साधतं. शेवटी हात वर करून मतदान घ्या, पण कोणता गट जिंकला हे जाहीर करू नका. कोणाचं कोणतं कारण पटलं, तेवढं फळ्यावर लिहा.

स्नेहसंमेलनातही एक बदल करून बघा. दरवर्षी त्याच दोन-तीन मुलांना माईक मिळतो. यंदा एक गाणं संपूर्ण वर्गाचं ठेवा, ज्यात बेसूर पोरालाही जागा असेल आणि नंबर कोणालाच नसेल.

वाहिनीने सुट्टी घ्यायची की नाही, हे आपल्या हातात नाही. आपल्या घरातल्या आणि वर्गातल्या मुलाला कधी थांबू द्यायचं, हे मात्र आपल्याच हातात आहे. त्या आईला मी सध्या एवढंच सांगतो, "ताई, यंदा तिला गाणं शिकू द्या. ऑडिशन पुढेही होतील, शिकायचं हे वय पुन्हा येणार नाही."