पावलाचं हाड सांधेपर्यंत जिममध्ये काय करावं?

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी किलोमीटर वाढवत नेताना काही धावपटूंचा चवडा दुखू लागतो. दुसऱ्या किंवा तिसऱ्या बोटामागच्या लांब हाडावर, बोटाच्या पेराएवढ्या जागेत दाबलं की नेमकी कळ येते. हे बहुधा मेटाटार्सलचं स्ट्रेस फ्रॅक्चर असतं, म्हणजे सततच्या भाराने हाडाला गेलेली बारीक चीर. पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेत ती अनेकदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. प्रशियाचे लष्करी डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ साली सैनिकांच्या अशाच सुजलेल्या पावलांची नोंद केली होती. तेव्हा क्ष-किरणांचा शोध लागायला चाळीस वर्षं बाकी होती.

आधी डॉक्टर, मग जिम

मधल्या मेटाटार्सलचं हाड साधारण सहा ते आठ आठवड्यांत सांधतं. पण पाचव्या मेटाटार्सलच्या बुडाशी किंवा पावलाच्या कमानीतल्या नॅव्हिक्युलर हाडाला चीर असेल, तर ते सावकाश भरतं, कधी शस्त्रक्रियाही लागते. म्हणून नेमकं कुठलं हाड, हे कळल्याशिवाय पायावर भार टाकू नका.

पहिले आठवडे बसून, झोपून

बेंच प्रेस, लॅट पुलडाउन, सीटेड रो, लेग एक्स्टेन्शन, लेग कर्ल यांत चवड्यावर जवळपास भार येत नाही. दुखऱ्या पायाला जे जमत नाही ते चांगल्या पायाने जरूर करा. एका बाजूच्या व्यायामाने दुसऱ्या बाजूची ताकदही काहीशी वाढते, हे येल विद्यापीठात १८९४ सालीच दिसून आलं होतं. ट्रेनर उत्साहाने दोरीउड्या, बॉक्स जंप किंवा लंज सांगेल. ठाम नकार द्या. लंजमध्ये मागच्या पायाचा चवडा पूर्ण वाकतो आणि भार नेमका चिरेवर जातो.

दमसासाची काळजी रास्त आहे. एडवर्ड कॉइल यांच्या १९८४ च्या अभ्यासात सराव थांबवलेल्या कसलेल्या खेळाडूंची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता तीन आठवड्यांत ७ टक्के आणि आठ आठवड्यांत १६ टक्के घटली होती. डॉक्टरांनी परवानगी दिली की सायकल चालवा, मात्र पेडल चवड्याऐवजी पावलाच्या मध्याखाली ठेवून. पोहणंही उत्तम, फक्त भिंतीला पायाने रेटा देऊ नका.

खरी मेहनत पोटरीवर

जिमच्या या काळाचं सर्वांत मोठं देणं मला पोटरीत दिसतं. बहुतेक हौशी धावपटू वर्षानुवर्षं धावतात, पण पोटरीला वजनाचा व्यायाम देत नाहीत. धावताना पोटरीच्या आतल्या सोलियस स्नायूवर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट भार येतो. पोटरी आणि तळव्याचे स्नायू थकले की मेटाटार्सलवरचा ताण वाढतो. स्नायू तयार नसतील, तर हाड सांधूनही तीच पाळी पुन्हा येऊ शकते.

चालताना दुखणं पूर्ण थांबलं आणि डॉक्टरांनी होकार दिला की सीटेड काफ रेजपासून सुरुवात करा. सोलियस गुडघा वाकलेला असतानाच जास्त काम करतो. हलकी प्लेट मांडीवर, गुडघ्याच्या जरा मागे ठेवा. तीन सेकंदांत टाचा उचला, क्षणभर थांबा, तीन सेकंदांत खाली आणा. टाच वर असताना अंगठ्याच्या बुडावर नजर ठेवा. दुखणं चुकवायला पाऊल नकळत करंगळीकडे कलंडतं आणि व्यायाम वाया जातो. हे जमलं की उभ्याने दोन्ही पायांवर, मग एका पायावर. पायरीच्या कडेवरून टाच खाली सोडणं सर्वांत शेवटी.

ताटातलं कमी करू नका

धावणं बंद आहे, वजन वाढेल, या भीतीने जेवण तोडणारे पुष्कळ भेटतात. हे मला सर्वांत घातक वाटतं, कारण हाड भरायला ऊर्जा, प्रथिनं आणि कॅल्शियम लागतं. नाचणी, दही, अंडी, उसळी नेहमीच्या ताटात असू द्या. डॉक्टरांना विचारून ड जीवनसत्त्व तपासून घ्या. पाळी अनियमित झाली असेल, तर ती डॉक्टरांना सांगाच. कमी खाणं आणि हाडं कमकुवत होणं यांचा जवळचा संबंध आहे.

पुन्हा धावताना

अर्धा तास भरभर चालून दुखत नसेल, एका पायावर वीसेक काफ रेज होत असतील आणि हाड दाबूनही कळ येत नसेल, तर एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं असं सपाट रस्त्यावर सुरू करा, एक दिवसाआड. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पेराएवढी जागा दाबून पाहा. दुखली तर धावणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. आणि धावणं सुरू झालं तरी आठवड्यातून दोनदा पोटरीचे सेट चालू ठेवा.