विजेचा लगाम आणि विजेचें कुलूप

घरांत वीज आली म्हणजे तिच्यामागोमाग दोन प्रकारच्या कळी येतात. एक तिला चालू-बंद करणारें बटण आणि दुसरी तिला कमीजास्त करणारी कळ. पंख्याचा रेग्युलेटर हें या दुसऱ्या प्रकाराचें सर्वांच्या परिचयाचें उदाहरण. पहिलें कुलूप होय, दुसरा लगाम. लगाम कितीहि ओढून धरला तरी घोडा तबेल्यांत बंद झाला असें कोणी समजत नाहीं. विजेच्या बाबतींत मात्र तशी समजूत चांगल्या सुशिक्षित घरांतहि आढळते, आणि ती प्रसंगीं जिवावर बेतते. विज्ञानाची गोडी लागलेलीं मुलें टेस्ला कॉईल बांधण्याचा हट्ट घेतात तेव्हां तर हा भेद घरांतील वडील मंडळींनाहि ठाऊक असणें अगत्याचें होतें.

निकोला टेस्ला यानें १८९१ सालीं सिद्ध केलेलें हें यंत्र घरच्या २३० व्होल्टांच्या विजेपासून लक्षावधि व्होल्टांचा दाब उत्पन्न करतें आणि हवेंत हातभर लांबीच्या ठिणग्या सोडतें. असें यंत्र एकदम पुऱ्या शक्तीनें चालविणें म्हणजे नवशिक्यानें उधळत्या घोड्यावर बसणें होय. थोडी वीज देऊन पाहावें, जुळणी तपासावी आणि मग हळूहळू शक्ति वाढवावी, यासाठीं मोठा प्रवाह पेलणारा डिमर लागतो.

विजेला लगाम घालण्याचे तीन मुख्य मार्ग आहेत, आणि नाशिककरांना ते समजून घेण्यास फार लांब जावयास नको. पहिला मार्ग अडथळ्याचा. १९३० च्या सुमारास मुंबईहून इगतपुरीपर्यंत विजेची आगगाडी आली. थळ घाटांत दर ३७ फुटांस १ फूट असा चढ. तो चढण्यास निघणाऱ्या एंजिनाला १५०० व्होल्टांचा एकदिश प्रवाह एकाएकीं देतां येत नसे. म्हणून प्रवाहाच्या वाटेंत अडथळ्याच्या पट्ट्या घालीत आणि वेग येईल तसतशा त्या एकेक करून काढून घेत. अडलेली वीज उष्णता होऊन वायां जाई. आपल्या घरच्या जुन्या, तारेच्या वेटोळ्यांच्या रेग्युलेटरची हीच तऱ्हा होती; पंखा मंद केला तरी बिल त्या मानानें कमी होत नसे, रेग्युलेटर मात्र तापे.

दुसरा मार्ग पायऱ्यांचा. इगतपुरीपासून भुसावळकडे १९६० नंतरच्या दशकांत २५,००० व्होल्टांचा उलटसुलट प्रवाह आला. या मार्गावरच्या पुढच्या काळांतील अनेक एंजिनांत ट्रान्स्फॉर्मरला ३२ पायऱ्या असत. चालक एकेक पायरी चढून दाब वाढवी. यांत वीज फारशी वायां जात नाहीं. प्रयोगशाळेंतील व्हेरिअ‍ॅक हें याच जातीचें उपकरण. तें उत्तम खरें, पण जड आणि महाग. २००६ सालीं घाटांतहि २५,००० व्होल्टांचा प्रवाह आला आणि इगतपुरीचा हा दुहेरी संसार संपला.

तिसरा मार्ग दाराचा. मुंबईच्या वाटेवर पडघें लागतें. तेथें चंद्रपूरहून साडेसातशें किलोमीटरांवरून ५ लाख व्होल्टांची वाहिनी येते. तिची क्षमता १५०० मेगावॅट. तिच्या दोन्ही टोकांस थायरिस्टर नांवाचीं सिलिकनचीं दारें आहेत. दार किती उघडावें हा तेथें प्रश्न नसून तें केव्हां उघडावें हा आहे. आपल्या घरच्या विजेचा प्रवाह सेकंदांत १०० वेळां शून्यावर येतो. प्रत्येक वेळीं दार लवकर उघडलें तर शक्ति जास्त, उशिरां उघडलें तर कमी. दिवा मंद करणारा लहानसा डिमरहि याच तत्त्वावर चालतो.

मग तोच डिमर टेस्ला कॉईलला कां लावूं नये? पहिलें कारण प्रवाहाचें. तीन हजार वॅटांचें यंत्र १३ अँपिअर ओढतें. दिव्याचा डिमर कांहींशें वॅटांचा. दुसरें कारण अधिक सूक्ष्म आहे. दिव्यांत दाब आणि प्रवाह बरोबर चालतात. कॉईलच्या आरंभींच्या ट्रान्स्फॉर्मरांत प्रवाह मागें रेंगाळतो. दार उघडण्याचा इशारा क्षणभरच दिला, तर प्रवाह येण्यापूर्वींच दार मिटतें. असें एकाच बाजूच्या लाटेस झालें कीं ट्रान्स्फॉर्मरचा गाभा चुंबकत्वानें तुडुंब भरतो, घरघर सुरू होते, प्रवाह कित्येक पटींनीं वाढतो आणि फ्यूज उडतो.

यावर उपाय आहेत. ४० अँपिअरांचे दोन स्वतंत्र थायरिस्टर पाठीला पाठ लावून जोडावे. इशारा अर्ध्या लाटेच्या शेवटापर्यंत चालू ठेवावा. धक्के शोषण्यासाठीं शंभरएक ओहमांचा अडथळा आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर यांची जोडी आडवी घालावी. थायरिस्टरमध्यें सुमारें दीड व्होल्ट खर्ची पडतो, म्हणजे १३ अँपिअरांना २० वॅटांची उष्णता. ती काढण्यास ॲल्युमिनिअमचा पंखेदार तुकडा हवा. कॉईलची वीज उलट घरांत शिरूं नये म्हणून फिल्टर लागतो, आणि कॉईलचें खालचें टोक घरच्या अर्थिंगला न जोडतां बाहेर निराळ्या पुरलेल्या कांबीस जोडावें लागतें.

आतां कुलपाची गोष्ट. धक्के शोषणाऱ्या त्या जोडीमधून, डिमर शून्यावर असतांनाहि, सुमारें ७ मिलिअँपिअर प्रवाह झिरपूं शकतो. १ मिलिअँपिअरला माणसास झिणझिण्या येतात; १० च्या सुमारास पकडलेली तार सोडवत नाहीं. शिवाय थायरिस्टर बिघडतो तेव्हां बहुधा त्याचें दार मिटत नाहीं, तें सताड उघडें राहतें. म्हणजे शून्यावरचें यंत्र एकाएकीं पुऱ्या शक्तीनें जागें होतें. आणि सर्व वीज तोडल्यावरहि कपॅसिटरमध्यें प्राणघातक सांठा उरूं शकतो. उच्च वारंवारतेची वीज कातडीवरूनच जाते, म्हणून ती निर्धोक, असें मुलें ऐकून येतात. परंतु त्या ठिणगीमागें कित्येक हजार व्होल्टांचा साधा ट्रान्स्फॉर्मर बसलेला असतो, आणि तो दयामाया जाणत नाहीं.

म्हणून डिमरच्या आधीं, दोन्ही तारा तोडणारा मोठा स्विच असावा, तो कॉईलपासून दूर आणि सहज हातीं येईल असा असावा. यंत्राला हात लावण्यापूर्वीं प्लग काढून तो डोळ्यांसमोर ठेवावा, कपॅसिटर अडथळ्यांतून रिकामा करावा, आणि एकट्यानें प्रयोग कधींहि करूं नये. हाच नियम डिमरवरचा साधा दिवा बदलतांनाहि पाळावा.

मुलांना या विद्येपासून दूर ठेवावें असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. तिच्यांतूनच उद्यांचे एंजिनीअर तयार होतात. वडिलांनीं थायरिस्टर न समजला तरी चालेल. मात्र मुलानें यंत्र दाखविलें म्हणजे ठिणगी किती लांब जाते हें विचारण्याआधीं, याचें कुलूप कोठें आहे, तें विचारावें.