अपयशाचा हिशेब



क्रिकेटचा खेळ आपल्या घराघरांत आतां इतका मुरला आहे कीं, त्याचे नियम समजावून सांगण्याचें प्रयोजन उरलेलें नाहीं. मी आज बोलणार आहें तें खेळाविषयीं नव्हे, तर ज्याचा खेळ हाच व्यवसाय आहे अशा माणसाच्या मनाविषयीं. आपल्यापुढें उदाहरण घेतों तें सचिन तेंडुलकर यांचें. तें घेण्याचें कारण त्यांची कीर्ति नव्हे. त्यांच्या यशाचे आंकडे लहान मुलांसहि पाठ आहेत. कारण असें कीं, त्यांच्या अपयशांची नोंदहि तितकीच तपशीलवार उपलब्ध आहे, आणि माझ्या मतें ती अधिक वाचनीय आहे.

त्यांनीं २०० कसोटी सामने खेळले, ३२९ डावांत १५,९२१ धावा केल्या आणि ५१ शतकें काढलीं. हाच हिशेब उलट बाजूनें मांडून पाहा. २७८ डावांत शतक झालें नाहीं, आणि चौदा वेळां तर एकहि धाव न करितां परतावें लागलें. एखादा कारकून किंवा आमच्यासारखा शाळामास्तर आपल्या कामांत इतक्या वेळां फसला, तर त्याची नोकरी टिकणार नाहीं. फलंदाजाचा धंदाच असा आहे कीं, त्यांत फसणें हें नित्याचें असतें. आणि तेंहि बंद खोलींत नव्हे, हजारों लोकांच्या डोळ्यांदेखत. तेव्हां प्रश्न असा कीं, एवढें अपयश पदरीं घेऊन माणूस चोवीस वर्षें रोज नव्यानें उभा कसा राहतो?

१५ नोव्हेंबर १९८९ रोजीं कराची येथें त्यांचा पहिला कसोटी सामना सुरू झाला. वय सोळा. त्या डावांत पंधरा धावा करून ते वकार युनूसच्या चेंडूवर त्रिफळाचीत झाले, आणि ही आपली पहिली व शेवटचीच कसोटी असें त्यांस वाटूं लागलें. त्या वेळीं रवि शास्त्री यांनीं त्यांस जो सल्ला दिला तो फार साधा होता. घाई न करितां कांहीं वेळ खेळपट्टीवर नुसतें टिकून राहावें. वेगाची ओळख आपोआप होते. पुढच्या फैसलाबादच्या सामन्यांत त्यांनीं ५९ धावा केल्या. ‘तुझ्या अंगीं मोठे गुण आहेत, तूं जिंकशील,’ असलें कांहीं शास्त्रींनीं सांगितलें नाहीं, हें लक्षांत घ्यावें. मुलाच्या हातीं त्यांनीं एक करण्याजोगें काम दिलें.

त्याच्या आधींची तयारी शिवाजी पार्कवर झाली होती. रमाकांत आचरेकर हे त्यांचे गुरु. सरावाच्या वेळीं यष्टीच्या माथ्यावर ते एक रुपयाचें नाणें ठेवीत. जो गोलंदाज सचिनला बाद करील त्याला तें मिळे. कोणालाच न जमल्यास तें सचिनचें होई. अशीं तेरा नाणीं त्यांनीं जपून ठेवलीं आहेत. पण मला त्या नाण्यांपेक्षां दुसरी एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. १६ नोव्हेंबर २०१३ रोजीं वानखेडे मैदानावर निरोपाचें भाषण करितांना तेंडुलकरांनीं सांगितलें कीं, एकोणतीस वर्षांत सरांनीं आपणांस ‘चांगला खेळलास’ असें एकदांहि म्हटलें नाहीं. त्यानें मुलगा निर्धास्त होईल, अशी सरांची धास्ती होती.

येथें मला माझ्या मास्तरकीची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. परीक्षेचे गुण मी वर्गांत मोठ्यानें, पहिल्या क्रमांकापासून खालीं वाचून दाखवीत असें. हेतु उत्तेजनाचा होता. पुष्कळ वर्षांनीं माझ्या ध्यानीं आलें कीं, त्यामुळें शेवटच्या मुलांचें झालें तें नुकसान झालेंच, पण पहिल्या क्रमांकाच्या मुलांचें अधिक झालें. जें येतें तेंच तीं पुनःपुन्हां करीत बसलीं. न येणाऱ्या उदाहरणाला हात घालीनात, कारण त्यांत क्रमांक जाण्याची भीति. तरी आचरेकरांचें मौन सर्व घरांत चालेल असेंहि मी म्हणत नाहीं. आपल्या स्कूटरवर बसवून ते या मुलाला एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर सामन्यांसाठीं नेत असत. शब्दांत जें आलें नाहीं तें त्या मुलाला त्या फेऱ्यांत समजत होतें. एवढें केल्याशिवाय ज्यानें नुसतें मौन पाळलें, त्याच्या हातीं कांहीं लागणार नाहीं.

आतां सुधारणा ही वस्तु प्रत्यक्षांत कशी घडते तें पाहूं. १९९८ सालीं ऑस्ट्रेलियाचा संघ हिंदुस्थानांत आला. शेन वॉर्न हा त्यांचा नामांकित लेगस्पिन गोलंदाज. कसोटीपूर्वीं मुंबईच्या संघाशीं सामना झाला आणि तेंडुलकरांनीं नाबाद २०४ धावा केल्या. दुसरा कोणी असता तर हुरळून गेला असता. यांच्या लक्षांत मात्र निराळीच गोष्ट राहिली: वॉर्ननें त्या सामन्यांत दिशा बदलून, लेग यष्टीच्या बाहेर मारा केलाच नाहीं, तो त्यानें मुद्दाम राखून ठेवला आहे. सामना जुना होतो तशी गोलंदाजांच्या पावलांनीं लेग यष्टीबाहेरची जमीन उकरली जाते. त्या जागीं पडलेला चेंडू किती वळेल आणि किती उसळेल, याचा अदमास राहत नाहीं. म्हणून तेंडुलकरांनीं लक्ष्मण शिवरामकृष्णन या जुन्या लेगस्पिन गोलंदाजास बोलावून, मुद्दाम उकरलेल्या जागेवर चेंडू टाकावयास लावले, आणि फिरकीच्या उलट, मिडविकेटच्या दिशेनें मारण्याचा सराव केला.

एवढें करून चेन्नईच्या पहिल्या डावांत काय झालें? एक चौकार मारून ते चार धावांवर वॉर्नच्याच चेंडूवर स्लिपमध्यें झेल देऊन परतले! पण तयारी ज्या माऱ्यासाठीं होती तो दुसऱ्या डावांत आला, आणि त्यांनीं १९१ चेंडूंत नाबाद १५५ धावा केल्या. सामना आपण १७९ धावांनीं जिंकला. चार धावांच्या त्या डावावरून सारी तयारी चुकीची ठरविण्याचा उतावीळपणा त्यांनीं केला असता, तर दुसरा डाव झालाच नसता.

सिडनीची गोष्ट याहून कठोर आहे. २००३-०४ च्या ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यांत पहिल्या पांच डावांत त्यांच्या धावा ०, १, ३७, ० आणि ४४. ब्रिस्बेनला पंचांचा निर्णयच चुकीचा होता. त्यास इलाज नव्हता, म्हणून त्यावर विचार खर्च करणेंहि व्यर्थ. ऑफ यष्टीबाहेरच्या चेंडूवर कव्हर ड्राइव्ह मारण्याचा मोह मात्र स्वतःचा होता. कव्हर ड्राइव्ह हा तेंडुलकरांचा अत्यंत देखणा फटका. जानेवारी २००४ मध्यें सिडनीस त्यांनीं तो खेळावयाचाच नाहीं असें ठरविलें. गोलंदाज तेथें चेंडू टाकीत राहिले, क्षेत्ररक्षक वाट पाहात राहिले, आणि हे दहा तासांहून अधिक वेळ ते चेंडू सोडीत राहिले. ४३६ चेंडू, तेहतीस चौकार, नाबाद २४१. दुसऱ्या डावांत नाबाद ६०. तो डाव पाहावयास तितकासा रम्य नव्हता, असें म्हणणारे रसिक आहेत, आणि तें खरेंहि आहे. पण आपलें वैगुण्य सोडणें एक वेळ सोपें. ज्या गुणाबद्दल लोक वाहवा करतात तो गुण कामाच्या वेळीं बाजूस ठेवणें, यास निराळेंच धैर्य लागतें.

आणि तरीहि कांहीं दुःखें उपायानें हटत नाहींत. ३१ जानेवारी १९९९ रोजीं चेन्नईसच पाकिस्तानविरुद्ध २७१ धावांचें लक्ष्य होतें. पाठीच्या असह्य वेदना सोशीत तेंडुलकरांनीं १३६ धावा केल्या. सतरा धावा उरल्या असतां ते झेलबाद झाले, आणि पुढचे तिघे अवघ्या चार धावांत गेले. सामना बारा धावांनीं हातचा गेला. सामनावीराचें पारितोषिक घेण्यास ते बाहेर आले नाहींत. शतकाचा तो डाव त्यांच्या हिशेबीं अपयशाच्याच खात्यांत पडला.

डिसेंबर २००८ मध्यें त्याच मैदानावर इंग्लंडनें ३८७ धावांचें लक्ष्य ठेविलें. मुंबईवरील २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यास तीन आठवडेहि झाले नव्हते. शेवटच्या दिवशीं तेंडुलकर आणि युवराजसिंग शेवटपर्यंत टिकले. विजयाचा चौकार तेंडुलकरांनींच मारला आणि त्याच चौकारानें त्यांचें शतक पुरें झालें: नाबाद १०३. तें शतक त्यांनीं मुंबईच्या लोकांस अर्पण केलें.