भार पेलते ती मुरमाची पकड

उड्डाणपुलाच्या चढाला दोन्ही बाजूंनी काँक्रीटच्या पॅनेलची उभी भिंत असते. या पॅनेलनीच मागचा भराव अडवून धरलाय, असं रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटतं. पण आमच्या साइटवरचं पॅनेल जेमतेम 18 सेंटिमीटर जाड आहे. भार पेलतो तो मुरूम आणि त्याच्या थराथरांत अंथरलेली जिओग्रिडची जाळी. फ्रेंच अभियंते आंरी विदाल यांनी 1963 साली पेटंट घेतलेली हीच मूळ कल्पना.

आमची भिंत 8 मीटर उंच. मुरमाचा घर्षणकोन 30 अंश धरला, की वरच्या वजनाच्या एक तृतीयांश दाब आडवा येतो. तळाशी, वाहनांचा भार सोडून, तो चौरस मीटरला सुमारे 4.8 टन भरतो. जाळ्यांमधलं अंतर 60 सेंटिमीटर, म्हणजे तळाच्या जाळीवर मीटरमागे जवळपास 2.9 टन ताण. तिथे प्रश्न जाळी तुटण्याचा.

माथ्यावर गोष्ट उलटी. तिथे ताण थोडा, पण जाळीवर दाबून बसायला मातीही थोडीच; म्हणून भीती जाळी निसटण्याची. सुटू पाहणारी मातीची पाचर माथ्याला पॅनेलपासून 4.6 मीटर आत पोहोचते. जाळीची लांबी उंचीच्या 0.7 पट, 5.6 मीटर. पाचरीच्या पलीकडे स्थिर मातीत उरतो तो फक्त 1 मीटर. माथ्याची सगळी मदार त्या मीटरभर पकडीवर, म्हणून मी तो आकडा दोनदा तपासते.

एकदा नव्या खाणीतला मुरूम आला. सुका असताना रंग तोच, दाणाही तोच. चाळणीवर धुतला तर पाणी गढूळच राहिलं आणि ओली मूठ उघडली तरी माल तळहाताला चिकटून बसला. 75 मायक्रॉनच्या चाळणीतून 15 टक्क्यांहून जास्त माल जाता कामा नये; इथे 23 टक्के गेला. गाड्या परत पाठवल्या, दोन दिवस काम थांबलं, बोलणी खाल्ली.

पण माझ्या हिशेबात भरावात तुंबलेल्या पाण्याचा दाब धरलेलाच नाही. पॅनेलमागे 60 सेंटिमीटर खडीचा पट्टा आहे तो पाणी निघून जावं म्हणून. मुरमात अशी बारीक चिकणमाती असली, की ती पाणी धरून ठेवते. मग पकड सैल होते आणि दाब मात्र वाढतो.

साइटवरच्या तरुण अभियंत्यांना एवढंच सांगणं: गाडी रिकामी होण्याआधी मुरूम धुऊन चाळा.