परीक्षेला नऊ दिवस उरले असताना : जीआरईचं गणित आणि थोडं तर्कशास्त्र

मागच्या वेळी अनुमानावर बोलून झाल्यावर दोघातिघांनी मला गाठलं आणि म्हणाले, सर, हे सगळं ठीक आहे, पण आमच्या मुलांची जीआरई तोंडावर आली आहे, त्यावर काही बोला. मी म्हटलं, तत्त्वज्ञानाच्या माणसाकडे गणिताची शिकवणी मागता? पण मग आठवलं की एकदा खरोखरच ही पाळी माझ्यावर आली होती. आज तेच सांगतो.

माझ्या एका मित्राची नात. समाजशास्त्रात बी.ए. केलेली, हुशार मुलगी. परदेशात सार्वजनिक धोरणाच्या एम.ए.साठी अर्ज करायचा होता. दहावीनंतर तिने गणिताचं तोंड पाहिलं नव्हतं. शब्दांच्या भागाची तयारी चांगली झाली होती, गणित मात्र ‘नंतर बघू’ म्हणत राहिलं आणि नऊ दिवस उरले तेव्हा ती माझ्याकडे आली. रडवेली होती. म्हणाली, "आजोबा, परीक्षा पुढे ढकलू का?" ढकलता येत नव्हती. तिने धरलेल्या विद्यापीठाची अर्जाची मुदत परीक्षेनंतर पंधराच दिवसांनी संपत होती. एकदा जीआरई दिली की पुन्हा बसायला २१ दिवस थांबावं लागतं, म्हणजे दुसरी संधी त्या वर्षापुरती नव्हतीच. घरच्यांनी कर्जाची बोलणीही सुरू केली होती. तेव्हा जे काही करायचं ते या नऊ दिवसांत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी परीक्षेचं स्वरूप चटकन सांगतो. सप्टेंबर २०२३ पासून ही परीक्षा आखूड झाली, सगळी मिळून दोन तासांच्या जरा आत संपते. गणिताचे दोन विभाग : पहिल्यात १२ प्रश्न आणि २१ मिनिटं, दुसऱ्यात १५ प्रश्न आणि २६ मिनिटं. गुण १३० ते १७०. पहिला विभाग कसा जातो त्यावर दुसरा सोपा की अवघड हे ठरतं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, हे पहिलं. आणि एका विभागातल्या प्रत्येक प्रश्नाला मोल सारखंच असतं, म्हणून अवघड प्रश्नाशी कुस्ती खेळत बसण्यात काही पुरुषार्थ नाही, हे दुसरं. खूण करून पुढे जावं, वेळ उरला तर परत यावं, तशी सोय पडद्यावर असते. एका प्रश्नाला किती वेळ मिळतो हिशेब केलात का? पावणेदोन मिनिटं. आपल्या भाषेत यासाठी अगदी तयार शब्द आहे, बघा.

अभ्यासक्रमात त्रिकोणमिती नाही, कलनशास्त्र नाही. अंकगणित, बीजगणित, भूमिती आणि आकडेवारी, म्हणजे बव्हंशी आपलं दहावीपर्यंतचंच. मग इतकी मुलं का अडखळतात?

मी तिला पहिल्या दिवशी काहीच शिकवलं नाही. ही परीक्षा घेणारी संस्था ईटीएस. तिच्या संकेतस्थळावर पॉवरप्रेप नावाच्या दोन सराव परीक्षा फुकट मिळतात. त्यातली एक घड्याळ लावून, मध्ये न उठता सोडवायला सांगितली. २७ पैकी ११ चुकले. ती म्हणाली, "बघा, मला गणित येतच नाही." मी म्हटलं, थांब, हे अनुमान घाईचं आहे. अकरा प्रश्न परत काढले, घड्याळ न लावता एकेक वाचले आणि वहीत तीन रकाने आखले : माहीतच नव्हतं, वाचण्यात चुकलं, हिशेबात चुकलं. पहिल्यात तीन, दुसऱ्यात सहा, तिसऱ्यात दोन! गणित येत नाही म्हणणारी मुलगी खरं तर प्रश्न वाचत नव्हती. इथे मला धीर आला, कारण वाचायला शिकवणं हा तर माझा धंदाच होता.

तिच्या वाचण्याच्या चुका कसल्या होत्या ते सांगतो. ‘पूर्णांक’ म्हटलं की ती १, २, ३ एवढंच धरायची, शून्य आणि ऋण संख्या दाराबाहेर राहायच्या. शून्य सम आहे, हे विसरायची. एक ही मूळ संख्या नाही, दोन ही एकुलती एक सम मूळ संख्या आहे, हेही. आकृतीत त्रिकोण समभुज दिसतोय म्हणून तो समभुज मानायची. आता या परीक्षेत भूमितीच्या आकृत्या प्रमाणात काढलेल्या असतीलच असं नाही, हे सूचनेतच लिहिलेलं असतं. आलेख मात्र प्रमाणात असतात, त्यांवर डोळ्यांनी अंदाज बांधला तर चालतो. दिसणं आणि असणं यांतला फरक आम्ही वर्गात वर्षभर शिकवायचो, इथे तो दोन ओळींत विचारतात.

पण सगळ्यात मोठा घोळ होता तुलनेच्या प्रश्नांत, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचंय तेही यावरच. या प्रश्नांत दोन राशी देतात, ‘अ’ आणि ‘ब’. पर्याय कायम तेच चार : ‘अ’ मोठी, ‘ब’ मोठी, दोन्ही समान, आणि चौथा, दिलेल्या माहितीवरून ठरवता येत नाही. ही मुलगी अडली की चौथ्यावर बोट ठेवायची. का? तर म्हणे, "मला ठरवता आलं नाही ना."

इथे मी तिला थांबवलं. ‘मला कळत नाही’ हे माझ्याबद्दलचं विधान आहे. ‘ठरवता येत नाही’ हे दिलेल्या माहितीबद्दलचं विधान आहे. पहिलं अज्ञान आहे, दुसरं ज्ञान आहे, आणि ज्ञान म्हटलं की त्याला पुरावा लागतो. चौथ्या पर्यायाचा पुरावा म्हणजे दोन उदाहरणं : एकात एक निकाल, दुसऱ्यात वेगळा. ती हातात नसतील तर चौथा पर्याय निवडणं हा नुसता अंदाज आहे. आणि दोन्ही बाजूंना निव्वळ ठरलेल्या संख्या असतील, अज्ञात काहीच नसेल, तर चौथा पर्याय कधीच बरोबर असू शकत नाही. तुम्हाला उत्तर येवो न येवो, ते ठरलेलं आहे.

आता न्यायशास्त्र. मागच्या वेळचं आठवतंय ना? जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती खरी. उलटं करून म्हणा, जिथे अग्नी तिथे धूर. मोडलं. कशाने मोडलं? तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्याने. त्यात अग्नी आहे, धूर नाही. आपल्या नैयायिकांना हा गोळा फार प्रिय. हजार चुली दाखवल्यात तरी एक गोळा पुरतो.

तर मी तिला म्हटलं, ‘वर्ग केला की संख्या मोठी होते’ असं तुझं मन म्हणतंय. याचा लोखंडी गोळा शोध. तिने २ घेतला, ३ घेतला, १० घेतला. या सगळ्या चुली. मग म्हणाली, अर्धा? अर्ध्याचा वर्ग पाव. सापडला गोळा! त्या दिवसापासून आम्ही पाच जणांची पंचायतच नेमली : शून्य, एक, वजा एक, अर्धा आणि एखादी मोठी संख्या. अज्ञात दिसला की या पाचांना विचारायचं, अर्थात प्रश्नातली अट ज्यांना आत येऊ देईल त्यांनाच.

पण पंचायतीची मर्यादाही समजून घ्या. समजा ‘अ’ आहे क्षचा वर्ग अधिक एक आणि ‘ब’ आहे क्षची दुप्पट. शून्य घाला, ‘अ’ मोठी. वजा एक घाला, ‘अ’ मोठी. अर्धा, दहा, दरवेळी ‘अ’च. आणि एक घातला की दोन्ही बाजू २, म्हणजे समान. उत्तर चौथं. ‘एक’ पंचायतीत नसता तर फसलोच होतो. आता ‘अ’मध्ये एकाऐवजी दोन मिळवा. पाचही जण ‘अ’ मोठी म्हणतात. म्हणून ‘अ’ मोठी असं सिद्ध झालं का? नाही! पाच साक्षीदारांनी व्याप्ती सिद्ध होत नाही, उदाहरणांनी फक्त मोडता येते. सिद्ध करायला वजाबाकी करून बघा : ‘अ’ वजा ‘ब’ म्हणजे क्ष वजा एकचा वर्ग, अधिक एक. वर्ग कधी ऋण नसतो, त्यात एक मिळवला, म्हणजे फरक नेहमी धनच. आता झालं सिद्ध. हे तिला कळलं तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. म्हणाली, "आजोबा, शाळेत हे असं का नाही सांगितलं?" सांगितलं असेलही, तेव्हा गरज नव्हती.

बाकीचे दिवस भराभर सांगतो. जे तीन प्रश्न ‘माहीतच नव्हतं’ या रकान्यात होते, त्यांतला एक क्रमचय-संचयाचा होता. तो विषय आम्ही चक्क सोडून दिला. तिला त्यात आठवडा गेला असता आणि येणार एखाददुसरा प्रश्न. हा निर्णय मुलांना फार जड जातो, कारण सोडलेला विषय रात्री स्वप्नात येतो. त्याऐवजी शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी, घातांक आणि आलेख घेतले. शंभर रुपयांची वस्तू २० टक्क्यांनी महागली, मग २० टक्के सूट मिळाली, किंमत किती? निम्म्या सभागृहाने मनात शंभर म्हटलंय. ९६ रुपये, कारण दुसरे २० टक्के १२० वरचे. १२० किलोमीटर जाताना ताशी ६०, येताना ताशी ४०, तर सरासरी वेग ५० नव्हे, ४८, कारण हळू चालण्यात वेळ जास्त गेला : जाताना दोन तास, येताना तीन, २४० भागिले ५. हे सूत्रं पाठ करून येत नाही, ‘कशाचे टक्के?’ आणि ‘कशावर भागायचं?’ एवढं विचारण्याची सवय लावून येतं. पडद्यावर गणकयंत्र मिळतं, पण त्याच्या नादी लागलं की वेळ जातो. तिने ते मोठ्या भागाकारापुरतंच ठेवलं.

सातव्या दिवशी दुसरी सराव परीक्षा. सहा चुका, वाचण्याची एकच. आठव्या दिवशी फक्त चुकांची वही. नववा दिवस मोकळा. त्यावर घरात बराच वाद झाला. आईचं म्हणणं, एक दिवस फुकट का घालवायचा? मी अडून बसलो. ओळखपत्र म्हणून पासपोर्ट काढून ठेव, केंद्रावर जाण्याचा रस्ता बघून ये आणि झोप, एवढंच काम दिलं. दमलेला डोळा ‘नाही’ हा शब्द गाळून वाचतो, हे मी पेपर तपासताना स्वतःवरूनच शिकलोय.

(श्रोत्यांतून प्रश्न : तिला गुण किती मिळाले?)

१५७. फार मोठे नाहीत, मला कल्पना आहे. अभियांत्रिकीची मुलं यावर हसतील. पण तिला तेवढे पुरले. अर्ज मुदतीच्या चार दिवस आधी गेला.

(प्रश्न : नऊ दिवसही नसतील, दोनच असतील तर?)

दोन असतील तर पहिल्या दिवशी सकाळी एक सराव परीक्षा द्या, संध्याकाळी ते तीन रकाने भरा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फक्त मधला रकाना, वाचण्याच्या चुकांचा. त्यानंतर वही मिटा. आता चहा आलेला दिसतोय, बाकीचे प्रश्न तिथेच घेऊ.