टेलिफोनवरचें बोलणें कोण टिपून ठेवतो ?



बँकेस, विमा कंपनीस किंवा गॅसच्या एजन्सीस टेलिफोन केला म्हणजे पलीकडील माणसाशीं बोलणें सुरू होण्यापूर्वीं एक वाक्य आपल्या कानीं पडतें : "हें संभाषण ध्वनिमुद्रित केलें जात आहे." हें वाक्य आपण इतके वेळां ऐकलें आहे कीं, भिंतीवरील घड्याळाच्या टिकटिकीप्रमाणें तें ऐकूं येऊनहि ऐकूं येत नाहीं. परंतु संभाषण कोणत्या क्षणापासून टिपावयाचें, दोघांचे आवाज एकत्र ठेवावयाचे कीं निरनिराळे, ते किती दिवस जपावयाचे आणि कोणास ऐकूं द्यावयाचे, हें सारें कोणीतरी आधीं ठरवून ठेवलेलें असतें. तें ठरविणारा बहुधा कंपनीचा संचालक नसतो ; संगणकासाठीं आज्ञा लिहिणारा एखादा तरुण प्रोग्रॅमर असतो. आवाज टिपणें आतां अगदीं सोपें झालें आहे. टिपलेल्या आवाजावर बिनचूक चिठ्ठी लावून ठेवणें मात्र सोपें नाहीं, आणि आपणां गृहस्थांचें हित त्या आवाजापेक्षां त्या चिठ्ठीवरच अधिक अवलंबून असतें.

ध्वनिमुद्रण आणि टेलिफोन हीं तशीं सख्खीं भावंडें. वाल्डेमार पोल्सन हा कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनींत नोकरीस होता. टेलिफोनवरून आलेला निरोप टिपून ठेवतां आला तर किती सोय होईल, या विचारानें त्यानें १८९८ सालीं पोलादी तारेवर चुंबकाच्या साहाय्यानें आवाज उमटविण्याचें यंत्र सिद्ध केलें. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनांत ऑस्ट्रियाचा बादशहा फ्रान्झ जोसेफ या यंत्रासमोर कांहीं शब्द बोलला, व चुंबकावर टिपलेल्या अगदीं जुन्या आवाजांत त्याच्या आवाजाची गणना होते. पुढें अमेरिकेंतील टेलिफोन कंपनीला मात्र हें प्रकरण रुचलें नाहीं. आपला शब्द कोणीतरी टिपून घेत आहे असें वाटलें तर लोक मोकळेपणानें बोलणार नाहींत व धंदा बसेल, अशी तिची धास्ती होती. अखेर १९४७ सालीं तेथील सरकारी मंडळानें तोड काढली : टिपून घ्यावयाचें असेल तर सुमारें दर पंधरा सेकंदांनीं तारेवर एक बारीक शिटी वाजलीच पाहिजे, म्हणजे पलीकडच्यास ध्यानांत राहील. आपण आज ऐकतों तें वाक्य या शिटीचेंच वंशज होय. फरक इतकाच कीं, शिटी शेवटपर्यंत आठवण देत असे, वाक्य एकदां उच्चारलें कीं संपतें.

आतां आवाज टिपला कसा जातो तें थोडक्यांत सांगतों. आवाज म्हणजे हवेंतील कंप. टेलिफोनच्या जगांत सर्वमान्य झालेल्या पद्धतींत या कंपाचें माप सेकंदास ८,००० वेळां घेतात आणि प्रत्येक माप आठ बिटांच्या एका आंकड्यांत मांडतात. म्हणजे सेकंदास ६४,००० बिटें झालीं. दोन माणसें चार मिनिटें बोललीं तर दोघांच्या आवाजाचे मिळून अडतीस लाख चाळीस हजार बाइट होतात. हा आंकडा कानाला मोठा वाटतो, पण आजच्या साठवणींत तो समुद्रांतील थेंबासारखा आहे. ( टेलिफोनच्या जुन्या पद्धतींत साधारणतः ३०० ते ३,४०० कंपांपर्यंतचाच ध्वनि पुढें पाठवीत. श, ष, स या ऊष्म वर्णांतील बराचसा भाग याहून वरचा. म्हणून टेलिफोनवर नांवांचा घोटाळा होतो, व तोच घोटाळा मुद्रणांतहि जसाच्या तसा उतरतो. ) आंकडे झाले कीं त्यांची नक्कल करणें फुकट, तेव्हां मुद्रण म्हणजे दुसरें कांहीं नसून येणाऱ्या आंकड्यांची एक प्रत बाजूस काढून ठेवणें होय.

पण प्रत कोणाची ? येथून खरी कथा सुरू होते. आजचें एक्स्चेंज हाहि एक संगणक आहे, आणि विमा कंपनीच्या कचेरींत ग्राहकांचीं दप्तरें सांभाळणारा दुसरा संगणक आहे. या दोघांचें एकमेकांशीं बोलणें ज्या ठरीव भाषेंत चालतें तिला प्रोग्रॅमर लोक इंटरफेस म्हणतात. आपण तिला दोन घरांमधील उंबरठा म्हणूं. घंटा वाजली, उचलला, थांबवून ठेवला, दुसऱ्याकडे दिला, खालीं ठेवला, असे निरोप एक्स्चेंज या उंबरठ्यावरून देतें, आणि "आतां टिपावयास लाग", "आतां थांब" अशा आज्ञा कचेरीचा संगणक देतो. अशा देवघेवीचें एक प्रमाण युरोपांतील एक्मा या संस्थेनें १९९२ सालींच प्रसिद्ध केलें, आणि इंटरनेटवरून संभाषण जुळविण्याचे ‘सिप’ नांवाचे नियम २००२ सालीं आजच्या रूपास आले.

माझा एक जुना विद्यार्थी अशाच एका कंपनींत नोकरीस आहे. निरनिराळ्या गांवचे प्रोग्रॅमर आपापल्या कचेऱ्यांचे संगणक एक्स्चेंजला जोडूं पाहतात व अडले म्हणजे त्यास विचारतात. त्यांचें शंकानिरसन करणें हेंच त्याचें दिवसभराचें काम. एका अर्थानें तोहि मास्तरच झाला. अडचण कोणतीहि असो, तो प्रथम दोनच गोष्टी विचारतो : संभाषणाचा क्रमांक काय, आणि वेळ कोणती ? नुसतें "काल एक मुद्रण हरवलें" असें सांगणें म्हणजे हजेरीपट न उघडतां गैरहजर मुलाची चौकशी करणें होय, असें तो म्हणतो.

क्रमांकाची मौज ऐका. समजा, एका आजीबाईंनीं रुग्णालयांतून विमा कंपनीस विचारलें, "ही शस्त्रक्रिया पॉलिसींत बसते ना ?" पहिल्या मुलीनें "हो, बसते" असें सांगितलें आणि पुढील तपशिलासाठीं टेलिफोन दुसऱ्या खात्याकडे वळविला. अनेक एक्स्चेंजांत असा वळविलेला टेलिफोन म्हणजे नवें संभाषण व नवा क्रमांक. दोन्ही क्रमांकांची गांठ बांधून ठेवण्याचें प्रोग्रॅमरला सुचलें नसेल, तर आजीबाईंच्या तक्रारीस दुसराच तुकडा जोडला जातो. तो "हो" कोठेंतरी सुरक्षित पडलेला असतो. पण त्यावर आजीबाईंचें नांव नसतें. कंपनी सांगते, "आमच्या मुद्रणांत असें कांहीं आढळत नाहीं," आणि गंमत अशी कीं, ती खोटें बोलत नसते.

वेळेचेंहि तसेंच. संगणक बहुधा जागतिक प्रमाणवेळेंत टिपण ठेवतात. आपलें घड्याळ तिच्यापुढें साडेपांच तास. १ एप्रिल लागून अर्धा तास झाला असतां आपण केलेला टेलिफोन त्या टिपणांत ३१ मार्च, सायंकाळचे ७, असा नोंदला जातो. नुसता दिवस बदलला असें नव्हे. हिशेबाचें वर्षच बदललें! टिपण दाखवितांना साडेपांच तास मिळविण्याचें प्रोग्रॅमर विसरला, तर हप्ता मुदतींत होता कीं मुदतीबाहेर, यावर वाद माजावयास तेवढें पुरे.

दुसरी नित्याची तक्रार म्हणजे एकाच बाजूचा आवाज. इंटरनेटवर आपला आवाज आणि पलीकडच्याचा आवाज असे दोन स्वतंत्र ओघ वाहतात. मधल्या पहारेकरी यंत्रानें एक अडविला तर मुद्रणांत एकटाच माणूस "हो, हो, ठीक आहे" म्हणत राहतो. प्रश्नावांचून उत्तर कसलें ? म्हणून माझा विद्यार्थी सांगतो कीं, दोन्ही ओघ निरनिराळे ठेवावे व दोन्हींत आवाज आहे कीं नाहीं तें रोज तपासावें. जागा वांचविण्यासाठीं पुष्कळजण दोन्ही एकत्र ओततात. मग दोघे एकदम बोलले त्या ठिकाणीं कोण काय बोललें हें निवडणें पाण्यांतून दूध वेगळें करण्याइतकें दुर्घट होतें.

याच्या उलट, कांहीं गोष्टी मुळींच टिपावयाच्या नसतात. कार्डाच्या पाठीवरील तीन आंकडे व्यवहार मंजूर झाल्यावर साठवून ठेवण्यास कार्डव्यवहाराच्या नियमांत मनाई आहे, म्हणून ते विचारतांना मुद्रण थांबवावें लागतें. ग्राहकानें आंकडे तोंडानें न सांगतां बटणें दाबलीं तर धोका टळतो अशी पुष्कळांची समजूत. परंतु प्रत्येक बटणाचा आवाज दोन ठराविक स्वरांचा बनलेला असतो. मुद्रणांत ते स्वर उतरले असतील तर साध्या यंत्रानेंहि कोणतीं बटणें दाबलीं तें ओळखतां येतें. आणि इतकें करून मुद्रण ऐकण्याचा इंटरनेटवरील पत्ता बिनकुलपाचा ठेवला, तर सारी सावधगिरी व्यर्थ. या चुका बहुधा दुष्टपणानें होत नाहींत. शिकविणाऱ्यानें आवाज कसा टिपावा याचा नमुना देऊन ठेवलेला असतो, कुलूप कसें लावावें याचा नमुना दिलेला नसतो. आणि शिकणारा नमुनाच गिरवतो. चाळीस वर्षें मुलांच्या वह्या तपासल्यावर मला यांत नवल वाटत नाहीं.

एका नियमाचा मात्र मीं विशेष आदरानें उल्लेख करीन. संभाषणाची प्रत मुद्रणयंत्राकडे कशी धाडावी व तिच्यासोबत बोलणारांची माहिती कशी जोडावी, याचे ‘सिपरेक’ नांवाचे नियम २०१६ सालीं पूर्ण झाले. टिपणें चालू आहे, बंद आहे कीं थांबविलें आहे, हें समोरच्या यंत्रास कळविण्याची खूण त्यांत आहे. ज्याच्या यंत्रास ही खूण समजत नाहीं त्यास स्वरानें वा शब्दानें कळवावें, असेंहि त्यांत आहे. इतकेंच नव्हे, तर "माझें बोलणें टिपूं नये" अशी इच्छा समोरच्या यंत्रानें व्यक्त करण्याचीहि सोय आहे ! ती मानण्याचें बंधन टिपणारावर नाहीं, ही गोष्ट निराळी. पण विचारण्याची रीत तरी घालून दिली आहे.

आतां न्यायालयाकडे वळूं. या बाबतींतला प्रसिद्ध निकाल आपल्या मुंबईच्या खटल्यांतला. १९६४ सालीं लांच मागितल्याच्या एका प्रकरणांत पोलिसांनीं एका डॉक्टरच्या संमतीनें त्याच्या टेलिफोनला टेपरेकॉर्डर जोडला होता. मलकाणी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नांवानें तो वाद सर्वोच्च न्यायालयांत गेला, व १९७२ सालीं न्यायालयानें तें मुद्रण पुरावा म्हणून ग्राह्य धरलें. कसोट्या तीन : संभाषण प्रकरणाशीं संबद्ध असावें, आवाज कोणाचा तें ओळखलें जावें, आणि मुद्रणांत खाडाखोड झाली नाहीं अशी खात्री पटावी. पुढें २०१७ सालीं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. तरी २०२५ च्या जुलैंत पति-पत्नींच्या वादांतहि गुप्तपणें केलेलें मुद्रण पुराव्यांत येऊं शकतें असा निर्णय झाला. तेव्हां या तीन कसोट्यांचें महत्त्व ओसरलेलें नाहीं.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष्य कायद्यानें तर तिसरी कसोटी गणिताच्या स्वाधीन केली आहे. संगणकीय पुराव्यासोबतच्या दाखल्यांत त्याचा ‘हॅश’ द्यावा लागतो. आपण लहानपणीं गुणाकार पडताळण्यास नवाचा ताळा पाहत होतों, तसाच हा एक प्रचंड ताळा समजा : लक्षावधि आंकड्यांवरून काढलेली एक ठराविक लांबीची संख्या. मुद्रणांतील एक आंकडा बदलला तरी ताळा पार बदलतो. नवाच्या ताळ्यास फसवितां येत असे, कारण ५४ चे ४५ झाले तरी तो जुळे. या ताळ्यास तसें फसविणें आजच्या चांगल्या पद्धतींत व्यवहारतः अशक्य मानतात. पण हा ताळा मुद्रण होतांच काढून ठेवावा लागतो. वाद उपस्थित झाल्यावर काढलेला ताळा त्या दिवसापासूनचीच साक्ष देईल, मागची नव्हे.

२०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरांत प्रसिद्ध झाले असून त्यांचा अंमल टप्प्याटप्प्यानें व्हावयाचा आहे. माहिती कशासाठीं घेतों तें सांगणें व काम संपल्यावर ती पुसून टाकणें हीं त्यांतील मुख्य कलमें. पण पुसण्यासाठीं तरी ती कोणाची हें ठाऊक हवें ना ?

तेव्हां पुढील खेपेस तें परिचित वाक्य कानीं पडलें म्हणजे हाताशीं कागद-पेन्सिल असूं द्यावी. दिवस, घड्याळांतील वेळ आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. टेलिफोन दुसऱ्याकडे वळविला गेला तर त्याची वेळ व नवा क्रमांक वेगळा मागून घ्यावा. पलीकडची मुलगी क्षणभर थांबेल, कारण असा प्रश्न तिला फारसा कोणी विचारीत नाहीं. पण क्रमांक तिच्यासमोरच्या पडद्यावर बहुधा असतोच.